गुलाबभाऊंच्या विमानाचा लाईट

विमानाचा लाईट लागत नाही हे गुलाब बांबोळेंच्या लक्षात आलं, तेव्हा गडचिरोलीत शनिवारचे सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि विमानात रात्रीचे अकरा. खिडकीला बायकोचं जुनं लुगडं ठोकून त्यांनी खोलीत अंधार केला होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नागपूरची धावपट्टी होती, तिच्यावर दोन पंख्यांचं विमान उभं होतं, लँडिंग लाईटचं बटण वर केलेलं होतं आणि विमानासमोर मिट्ट काळोख होता. त्यांनी बटण खाली करून पुन्हा वर केलं. अठ्ठावीस वर्षं एस.टी. चालवलेल्या माणसाची तीनदा वरखाली केल्याशिवाय खात्री पटत नाही, म्हणून आणखी एकदा केलं.

"अवो, काय शोधून राह्यले अंधारात?" ठमाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"लाईट."

"मंग लुगडं काढा न खिडकीचं!"

गुलाबभाऊंनी बटण आणखी एकदा वर केलं. निवृत्तीला दोन वर्षं झाली होती. मुलगा राजदीप हैदराबादला नोकरीवर जाताना कॉम्प्युटर घरी ठेवून गेला होता आणि त्यात घरबसल्या विमान उडवायचा सिम्युलेटर टाकून गेला होता. बापाचा वेळ जावा, एवढाच त्याचा हेतू. पण गुलाबभाऊंनी ते ड्युटीसारखं अंगावर घेतलं. सकाळी आंघोळ करून बसायचं, निघण्याआधी फडक्यानं पडदा पुसायचा, आणि कुणी 'गेम' म्हटलं की त्या दिवशी त्याच्याशी बोलायचं नाही.

नागपूरच्या आठ पोरांनी फोनच्या लाइनीवरून एकत्र विमानं उडवायचा एक क्लब काढला होता. ते आठही पंचविशीच्या आतले, नंतर आलेले नववे गुलाबभाऊ. क्लबात त्यांचा हुद्दा को-पायलट. कॅप्टन व्हायला रात्रीच्या उड्डाणाची परीक्षा द्यावी लागे आणि ती घ्यायचा खुशाल नावाचा चोवीस वर्षांचा इंजिनिअर. दोन महिन्यांपूर्वी गुलाबभाऊंनी परीक्षेला बसू का, असं विचारलं तेव्हा खुशालनं लिहिलं होतं, 'काका, रात्रीचं कठीण असतं. तुम्ही दिवसाचंच उडवा.'

सिरोंच्याच्या रात्रीच्या मुक्कामी गाडीवर ज्यानं निम्मी नोकरी काढली, त्याला हे वाक्य लागलं. त्यांनी ते ठमाबाईंना वाचून दाखवलं नाही. मात्र दर रविवारी खुशालला एक पत्र जाऊ लागलं, नम्र आणि सारख्याच मजकुराचं. आठव्या पत्राला खुशाल वाकला. उद्या, रविवारी सकाळी अकराला परीक्षा. नागपूरहून उठायचं, चंद्रपूरला उतरायचं, वेळ रात्रीची. चंद्रपूरची धावपट्टी क्लबातल्याच एकानं हातानं बनवलेली होती आणि तिच्या कडेला त्यानं दिवे लावलेले नव्हते. म्हणजे विमानाचा लाईट हाच काय तो उजेड. अट एकच होती, 'लाईट, चेकलिस्ट, उतरणं. यातलं एक जरी चुकलं तरी पुन्हा विचारायचं नाही.'

साडेनऊला त्यांनी खुशालला कळवलं की लाईट लागत नाही. पाच मिनिटांत उत्तर आलं, 'तुमच्याकडे या विमानाची जुनी आवृत्ती असेल. नवी उतरवून घ्या. चाळीस एमबी फक्त.'

'फक्त' हा शब्द नागपूरचा होता. गडचिरोलीत इंटरनेट फोनच्या तारेतून येई आणि दर वीस मिनिटांनी तुटे. पहिल्या खेपेला तीन एमबी आले, दुसऱ्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून दोन. तिसऱ्या खेपेला साडेचारवर असताना शेजारचे वामनराव धापा टाकत आले. ठमाबाईंच्या मूल गावातल्या बहिणीनं सकाळपासून अकरा वेळा फोन लावला होता. तो लागेना म्हणून तिनं वामनरावांकडे करून विचारलं होतं की बांबोळेंच्या घरी सगळे बरे आहेत ना.

"सांगा तिले, सगळे बरे हायेत," ठमाबाई म्हणाल्या. "फक्त इमानाचा लाईट गेला हाये."

हा निरोप वामनरावांनी जसाच्या तसा पोचवला. त्यानंतर बहिणीनं आणखी चार वेळा फोन केला.

चाळीस एमबी येणार नाहीत, हे बारा वाजता स्पष्ट झालं. गुलाबभाऊंनी इंटरनेट बंद करून त्याच तारेवरून राजदीपला फोन लावला.

"बाबा, विमान जुन्या सिम्युलेटरसाठी बनवलेलं हाये. त्याचं लाईटचं बटन आपल्या नव्या सिम्युलेटरले समजत नसंन. विमानाच्या फोल्डरात एक फाइल हाये, ते उघडा. त्यात सगळं लिवलं असते. इंजिन, चाकं, लाईट."

"म्हंजे आरसी बुक."

"हो, तसंच समजा. लाईटच्या ओळीत चार आकडे रायतेत. पयला बटनाचा नंबर. मंग बल्ब किती फूट समोर, किती बाजूले, किती वर. पन बाबा, तुमाले जमन का? दुसरं विमान घ्या न."

"परीक्षा ह्याच विमानावर हाये," गुलाबभाऊंनी सांगितलं आणि फोन ठेवला. मग चप्पल घालून ते शफीकडे गेले.

शफीभाईचं बसस्टँडच्या मागं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. ट्रक, ट्रॅक्टर, जीप. ज्याला बॅटरी आहे, त्यावर आपला अधिकार आहे असं तो मानत असे. त्या वेळी तो एका जीपखाली होता.

"शफीभाई, लाईट लागून नाई राह्यला."

"कोनत्या गाडीचा?"

"विमानाच्या."

जीपखालून पाय हलायचे थांबले. "उभं कुठी हाये?"

"घरी."

शफीभाई बाहेर आला, हात पुसले, खिशात टेस्ट लॅम्प आणि पेचकस टाकला आणि निघाला. जीपवाल्यानं "माझं?" असं विचारलं, तेव्हा त्यानं मागं न वळता सांगितलं, "तुही जमिनीवर हाये न?"

घरी आल्यावर त्यानं आधी कॉम्प्युटरच्या मागं वाकून वायरी पाहिल्या. गुलाबभाऊंनी त्याला समोर आणून पडदा दाखवला. बिघाड आतल्या विमानात आहे, पेटीत नाही, हे शफीभाईला पटायला दहा मिनिटं लागली. पटल्यावर मात्र तो स्टुलावर मांडी ठोकून बसला.

"ठीक. बॅटरी?"

"चालू."

"इंजन?"

"दोनी चालू."

"फ्यूज?"

"विमानाले फ्यूज दाखवत नाई."

"दाखवत नाई म्हंजे नाईच असं नसते, गुलाबभाऊ. केबिनचा लाईट लाव बरं."

गुलाबभाऊंनी दुसरं बटण दाबलं. वैमानिकाच्या डोक्यावरचा पिवळा दिवा लागला. शफीभाईचा चेहराही उजळला.

"करंट हाये! मंग बटन डेड. खोल तुहं आरसी बुक."

फाइल उघडली. आत आकडेच आकडे होते. लाईटच्या भागात दोन ओळी होत्या, एक केबिनची, बटण नंबर चार. एक शेपटाच्या दिव्याची. लँडिंग लाईटची ओळच नव्हती. राजदीपनं सांगितल्याप्रमाणे गुलाबभाऊंनी ती लिहिली, बटण नंबर पाच. एका बोटानं, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत. फाइल बंद केली, विमान पुन्हा सुरू केलं. अंधार तसाच.

"मी म्हनलो न, बटन डेड," शफीभाई म्हणाला. "पाच नंबर सोड. केबिनच्या बटनावरून घे."

"तसं चालते का?"

"घुग्घुसले कोळशाच्या ट्रकांत जाऊन पाह्य. कोनाचा हेडलाईट हॉर्नवर हाये, कोनाचा वायपरवर. पाऊस नसला तरी रातभर वायपर चालून राह्यते, पन लाईट लागते का नाई? लागते!"

गुलाबभाऊंनी पाचाचे चार केले. विमान सुरू केलं, केबिनचं बटण दाबलं, आणि लाईट लागला. दोघेही ओरडले. ठमाबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

"हे कोन चालून राह्यलं समोर कंदील घेऊन?"

खरंच, लाईट विमानाला नव्हता. विमानाच्या नाकापासून चाळीस फूट पुढं हवेत लोंबकळत होता. विमान पुढं नेलं की तो पुढं जाई, थांबवलं की थांबे. शफीभाईनं बल्बचं अंतर मागच्या बंपरपासून, म्हणजे शेपटापासून मोजलं होतं, कारण गाडीत तसंच मोजतात. विमान मात्र स्वतःला पोटाच्या मधून मोजत होतं, ही गोष्ट फाइलीत कुठं लिहिलेली नव्हती.

"मागं घे," शफीभाई म्हणाला. गुलाबभाऊंनी मागं घेतला, तेव्हा आकड्याच्या आधी वजाची खूण पडली आणि लाईट शेपटाखाली जाऊन मागच्या गवतावर पडला. मग बाजूचा आकडा वाढवला. तो पंखाच्या टोकाबाहेर गेला. मग उंचीचा बदलला. तो जमिनीत गेला आणि उजेड कुठून येतो तेच कळेना. प्रत्येक खेपेला विमान बंद करून चालू करायला चार मिनिटं लागत. ठमाबाईंनी तीनदा चहा केला आणि चौथ्यांदा करणार नाही असं जाहीर केलं.

साडेपाचच्या सुमाराला शफीभाईनं स्टूल पडद्याजवळ ओढलं. मग म्हणाला, "बल्बाचं जाऊ दे. समोरचं चाक कुठी हाये, ते लिवलं असंन न?"

चाकांची ओळ खाली होती. पुढचं चाक एकवीस फूट समोर, बाजूला शून्य, सहा फूट खाली. विमान चाकावर उभं आहे आणि चाक जागेवर आहे, याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. लाईटच्या ओळीत त्यांनी एकवीस आणि शून्य हे चाकाचेच आकडे टाकले आणि सहाऐवजी चार फूट खाली धरलं. विमान सुरू झालं, बटण दाबलं, आणि धावपट्टी लांबवर पांढरी लखलखीत झाली.

घड्याळात सहाला दहा कमी होते. शफीभाई उठला आणि म्हणाला, "जीपवाला गेला असंन."

रविवारी शफीभाईनं दुकान उघडलंच नाही. तो पावणेअकराला येऊन कंडक्टरच्या बाजूला, म्हणजे डावीकडच्या स्टुलावर बसला. गुलाबभाऊंनी दाढी केली होती आणि पडदा दोनदा पुसला होता. ठमाबाईंनी फोनजवळ पाट टाकला होता. बहिणीला त्यांनी सकाळीच वामनरावांकडून कळवलं होतं की दुपारी बारापर्यंत कुणी मेलं तरी फोन करू नको.

अकराला खुशालचं विमान पुढं उभं राहिलं, तसलंच, दोन पंख्यांचं. पडद्याच्या खालच्या पट्टीत त्याचे शब्द उमटले, 'काका, तयार?' गुलाबभाऊंनी लिहिलं, 'तयार.' दोन्ही विमानं एकामागून एक उठली. पंचवीस मिनिटं काही घडलं नाही, नवल म्हणजे लाइनसुद्धा तुटली नाही. उजव्या हाताला भद्रावतीकडचे दिवे मागं गेले. मग खुशालनं उतरायची चेकलिस्ट सुरू केली.

'वेग?'

'एकशेवीस.'

'चाकं?'

'खाली.'

'लँडिंग लाईट?'

गुलाबभाऊंनी केबिनचं बटण दाबलं. पुढचा अंधार फाटला. शफीभाईनं श्वास सोडला.

'दिसला,' खुशालनं लिहिलं. 'छान आहे. केबिन लाईट बंद.'

गुलाबभाऊंचा हात त्याच बटणावर थांबला.

"शफीभाई."

"वाचलं मी."

"केबिनचा बंद करा म्हनते."

"नोको करू. त्याले नागपूरवरून तुही केबिन थोडीच दिसते?"

"मले दिसते न."

"गुलाबभाऊ, यार, दोन मिन्टाची गोष्ट हाये! केबिन गेला त हेडलाईटबी जाते!"

"चेकलिस्ट हाये गा," गुलाबभाऊ म्हणाले आणि त्यांनी बटण बंद केलं.

समोर पुन्हा काळोख झाला. काही क्षणांनी पट्टीत शब्द आले, 'काका, तुमचा लाईट गेला.'

'गेला,' गुलाबभाऊंनी एका बोटानं लिहिलं.

'मग परीक्षा संपली. चंद्रपूरला पट्टी दिसणार नाही. तुम्ही नागपूरला परत फिरा, तिथे दिवे आहेत. मी उतरतो.'

शफीभाईनं कपाळावर हात मारला. ठमाबाई म्हणाल्या, "काय झालं? पास झाले का?" गुलाबभाऊ समोर बघत होते. काळोखात दोन किलोमीटर पुढं खुशालच्या विमानाचा शेपटाचा तांबडा दिवा होता आणि त्याच्यापुढं त्याच्या लाईटचा उजेड सांडलेला होता.

सिरोंच्याहून येताना एकदा सांबर आडवं येऊन गाडीचे दोन्ही लाईट फुटले होते. गाडीत एक्कावन्न माणसं होती, त्यात एक बाळंतीण. तेव्हा गुलाबभाऊंनी बांबूनं भरलेल्या एका ट्रकाच्या मागं गाडी लावली होती आणि आलापल्लीपर्यंत पस्तीस किलोमीटर त्या ट्रकाच्या उजेडात काढले होते. ट्रकवाला तीनदा थांबून शिव्या देऊन गेला. गाडी वेळेवर पोचली.

त्यांनी दोन्ही इंजिनांचा जोर वाढवला.

"नागपूर मागं हाये," शफीभाई म्हणाला.

"मले मालूम हाये."

दोन किलोमीटरचं एक झालं, एकाचं अर्धं. तांबडा दिवा मोठा झाला. पट्टीत शब्द आले, 'काका, वळलात का?'

'नाही.'

'मग कुठे आहात?'

'मागे.'

'किती मागे?'

गुलाबभाऊंनी नीट पाहिलं. खोटं लिहायचं नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'चिकटून.'

यानंतर खुशालचे संदेश एकामागून एक येऊ लागले. 'अंतर ठेवा!' 'काका अंतर!' 'एक किलोमीटर मागे व्हा!' गुलाबभाऊंनी त्यातल्या एकालाच उत्तर दिलं, कारण एका हातानं विमान सांभाळायचं होतं. 'मागे झालो तर दिसत नाही.'

"तो लिवून राह्यला त चालवून कोन राह्यलं?" शफीभाईनं विचारलं.

प्रश्न बरोबर होता. खुशाल पुन्हा पुन्हा मागं वळून पाहत होता आणि पुन्हा पुन्हा लिहीत होता. त्याचं विमान आधी थोडं उजवीकडं झुकलं, मग डावीकडं. त्याच्या उजेडात चंद्रपूरची पट्टी दिसू लागली, राखाडी, अरुंद, मधोमध पांढरी रेघ. गुलाबभाऊंनी ती रेघ नजरेत धरली आणि सोडली नाही. खुशालची चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली. मग त्याचं विमान पट्टी सोडून डाव्या बाजूच्या गवतात शिरलं आणि नाकावर उभं राहिलं. त्याबरोबर उजेडही झुडपात गेला. पण तोवर गुलाबभाऊंची चाकं रेघेवर टेकली होती. उरलेली पट्टी त्यांनी अंधारात, सरळ, ब्रेक हळूहळू दाबत संपवली. विमान असं थांबलं की आत कुणाच्या हातात पाण्याची वाटी असती तरी पाणी हललं नसतं.

"उतरला!" शफीभाई उभा राहिला. मग पडद्याकडे पाहून पुन्हा बसला. "पन साहेब त गवतात गेले."

"कोन, तो पोरगा?" ठमाबाई पुढं आल्या. "अगा माय! मंग बसले काऊन? पुसा न त्याले, लागलं का म्हनून."

"ते खरं नसते, राजदीपची माय."

"खरं नसते त दोन दिवसांपासून जेवून नाई राह्यले, ते काऊन?"

गुलाबभाऊंनी लिहिलं, 'लागलं का?'

पडद्याखालची पट्टी कोरी राहिली. एक मिनिट गेलं.

"झालं," शफीभाई पुटपुटला. "लाईटमधी नापास, अंतरात नापास, अन् वरून साहेबाले खड्ड्यात घातलं. माह्याच जुगाडानं झालं, गुलाबभाऊ. ट्रकाले केबिन बंद करायले कोन सांगते?"

"तू काई गलत नाई केलं," गुलाबभाऊ म्हणाले. "लाईट लागला होता."

त्यांनी विमान वळवलं. खुशालचं विमान झुडपात नाक खुपसून पडलं होतं. त्याचा लाईट अजून चालू होता आणि त्यात एक बाभूळ उजळून निघाली होती. परीक्षा संपली आहे, आता कॉम्प्युटर बंद करून जेवायला बसलं तरी चालेल, हे त्यांना समजत होतं. पण वाटेत बंद पडलेली गाडी दिसली आणि तिच्याजवळ न थांबता पुढं गेले, असं त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. ते हळूहळू तिच्या बाजूला येऊन उभे राहिले. मग एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, 'तुमच्या गाडीत प्रवासी किती आहेत? माझी रिकामी आहे. चंद्रपूर स्टँडपर्यंत नेऊन सोडतो.'

शफीभाईनं पुढं वाकून ते वाचलं. ठमाबाईंनी पाट पुढं ओढला.

या खेपेला उत्तर यायला दोन मिनिटं लागली. लाइन तुटली की काय, म्हणून शफीभाईनं फोनची तार चाचपून पाहिली. मग पट्टीत शब्द उमटले.

'बेचाळीस आहेत, कॅप्टन.'

"काय म्हनते?" ठमाबाईंनी विचारलं.

"बेचाळीस लोक हायेत म्हनते."

"अन् त्याच्या पुढं काय लिवलं हाये?"

"ते माह्यासाठी हाये," गुलाबभाऊ म्हणाले, आणि विमानाचं दार उघडायचं बटण शोधू लागले.